माझी झडती घे: रोजच्या आत्मपरीक्षणातून प्रार्थना खोल कशी करायची

बरीच वर्षं मी एक प्रार्थनेची वही ठेवायचे. एकदा साफसफाई करताना जुनी वही हातात आली आणि उभ्या उभ्याच वाचायला लागले. सहा-सात महिन्यांची पानं, जवळजवळ रोजची. आजाऱ्यांची नावं, चर्चच्या मंडळीसाठी, परीक्षा असलेल्या मुलांसाठी, कोणाच्या तरी प्रवासासाठी, मग 'प्रभू तू चांगला आहेस', 'तुझी इच्छा पूर्ण होवो', सगळं अगदी नीटनेटकं. फक्त एक गोष्ट त्यात नव्हती. त्या सगळ्या काळात माझं माझ्या सख्ख्या बहिणीशी बोलणं बंद होतं, रात्र रात्र झोप लागायची नाही इतका राग होता, आणि रोज वीस मिनिटं देवाशी बोलून त्यातलं अवाक्षर मी त्याच्यापुढे काढलं नव्हतं.

म्हणजे प्रार्थना रोज होत होती, प्रार्थना करणारी बाईच तिथे नसायची.

त्यानंतर मी जे शिकले, चुकत माकत आणि मध्ये कित्येकदा सोडून देत, ते इथे क्रमाने लिहितेय. प्रार्थना कोरडी झालीय, तीच तीच वाक्यं येतात, 'आमेन' म्हटल्यावर आपण काय बोललो तेही आठवत नाही असं ज्यांना होतं त्यांच्यासाठी मुख्यतः.

आधी एक गोष्ट, दिवा कोणाच्या हातात

आत्मपरीक्षण म्हटलं की आपण लगेच स्वतःचे इन्स्पेक्टर होतो. दिवसभरात काय चुकलं, किती चुकलं, लिस्ट काढा, स्वतःला झापा, झोपा. हे बायबलमधलं आत्मपरीक्षण नाही असं माझं स्पष्ट मत आहे. स्तोत्र 139 बघा, सुरुवातच अशी की परमेश्वरा तू मला पारखलं आहेस, मी बसतो कधी उठतो कधी ते तुला ठाऊक आहे, आणि शेवटी तोच माणूस म्हणतो देवा माझी झडती घे. झडती घेणारा देव आहे. आपलं काम दारं-कपाटं उघडून देणं एवढंच.

आणि ते तसंच असावं लागतं कारण स्वतःला स्वतः नीट दिसत नाही. स्तोत्र 19 मध्ये सरळ प्रश्न आहे की आपल्या चुका कोणाला कळतात. दावीद राजाचं उदाहरण घ्या, त्याने दुसऱ्याची बायको बळकावली होती, 2 शमुवेल 12 मध्ये नाथान संदेष्टा त्याला एका श्रीमंताने गरीब माणसाची एकुलती मेंढी हिसकावल्याची गोष्ट सांगतो, तर हा गोष्टीतल्या श्रीमंतावर खवळतो, असल्याला मारूनच टाकलं पाहिजे म्हणतो, आणि तो माणूस तूच आहेस हे त्याला नाथानाने तोंडावर सांगावं लागतं! एवढी स्तोत्रं ज्याच्या नावावर आहेत त्याला हे दिसलं नाही, तिथे आपली काय कथा.

लूक 18 मध्ये येशूच्या दाखल्यात दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा आणि एक जकातदार म्हणजे लोकांनी पापी ठरवलेला करवसुलीवाला. त्यातल्या परूश्यानेही आत्मपरीक्षण केलंच होतं की. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशमांश, हिशोब चोख. पण मराठी बायबलमध्ये शब्द आहेत की त्याने 'आपल्या मनाशी' प्रार्थना केली. मनाशीच. जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती पण ती देवाशी होती. हा फरक डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे. स्वतःबद्दल विचार करणं म्हणजे प्रार्थना नव्हे, तो विचार देवाकडे तोंड करून बोलला की प्रार्थना सुरू होते.

ही पद्धत आली कुठून

मी जी पद्धत वापरते तिचा सांगाडा इग्नेशियस लोयोला यांचा. स्पेनमधले, मूळचे शिपाईगडी, 1521 मध्ये पँप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला आणि महिनोन्महिने अंथरुणात पडून राहावं लागलं. पडल्या पडल्या त्यांच्या एक लक्षात आलं, शौर्याची आणि दरबारातली स्वप्नं रंगवली की तेवढ्यापुरतं छान वाटतं पण नंतर मन कोरडं पडतं, आणि ख्रिस्ताच्या, संतांच्या मागे जायचा विचार केला की नंतरही मन भरलेलं राहतं. विचार येऊन गेल्यावर मागे काय उरतं ते बघायचं, ही सवय त्यांना तिथे लागली. पुढे त्यांनी रोजच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या घालून दिल्या: आभार, प्रकाश मागणं, दिवस तपासणं, क्षमा मागणं, पुढचा निश्चय. त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाचे (जेझुइट) लोक हे दुपारी आणि रात्री असं दोनदा करतात.

मी स्वतः प्रॉटेस्टंट मंडळीत वाढलेली, त्यामुळे सुरुवातीला 'हे आपलं नाही' असं वाटलं होतं. पण ऑक्सफर्डमध्ये 1729 च्या सुमारास जॉन आणि चार्ल्स वेस्ली या प्रॉटेस्टंट भावांच्या छोट्या गटातही स्वतःला विचारायच्या प्रश्नांच्या याद्या असायच्या, आणि विलापगीत 3:40 तर सगळ्यांचंच आहे, आपण आपले मार्ग शोधू, तपासू आणि परमेश्वराकडे परत येऊ. तेव्हा बिनधास्त करा.

वेळ आणि जागा

पंधरा मिनिटं पुरे. झोपायच्या आधी पण बिछान्यात नको, बिछान्यात फक्त झोप होते. खुर्चीत बसा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, टायमर हवा असेल तर साधं घड्याळ घ्या. रात्री डोळे मिटतातच असे असाल तर संध्याकाळी घरी आल्या आल्या, किंवा सकाळी उठून कालच्या दिवसाचं करा, काही बिघडत नाही. एक साधी वही ठेवा पण रोज लिहिलंच पाहिजे असं नाही.

पायरी पहिली: थांबा आणि प्रकाश मागा

बसल्या बसल्या दिवस उकरायला लागू नका. दोन मिनिटं नुसतं बसा, श्वास शांत होऊ दे. मग एवढंच: "पवित्र आत्म्या, आजचा दिवस तू जसा बघितलास तसा मला दाखव." ही पायरी फालतू वाटते म्हणून लोक गाळतात, मीही गाळायचे, आणि मग दहाव्या मिनिटाला लक्षात यायचं की मी प्रार्थना करत नाहीये, ऑफिसातल्या भांडणात मी काय उत्तर द्यायला हवं होतं याची रिहर्सल करतेय.

पायरी दुसरी: आभार, पण आजचे

"जीवनासाठी, आरोग्यासाठी, अन्नवस्त्रासाठी धन्यवाद" हे खरं असलं तरी ते कालही तेच होतं आणि उद्याही तेच असणार. आजच्याच दिवसात घडलेल्या दोन-तीन गोष्टी शोधा ज्या काल नव्हत्या. कोणीतरी वाट बघून दार धरून ठेवलं, डोकेदुखी दुपारनंतर थांबली, मुलाने न विचारता शाळेतली गोष्ट सांगितली. जितकं बारीक तितकं चांगलं.

आभार आधी का? कारण आधी उपकार आठवले तर पुढे चुका बघताना आपण ओळखीच्या माणसासमोर बसलेलो असतो, कोर्टात उभे नसतो. क्रम उलटा करून बघा एक आठवडा, फरक कळेल.

पायरी तिसरी: दिवस परत बघा

हा खरा गाभा, इथे सहा-सात मिनिटं द्या.

सकाळी डोळे उघडले तिथून सुरू करा आणि दिवस सिनेमासारखा पुढे सरकू द्या. प्रत्येक गोष्टीवर थांबायचं नाही, थांबायचं ते फक्त जिथे आत काहीतरी हललं तिथे. राग, मत्सर, भीती, लाज, अचानक आलेला आनंद, एखाद्याचं नाव ऐकून पोटात पडलेला गोळा. आपल्याला सवय असते आपण काय 'केलं' ते तपासायची, खोटं बोललो का, शिवी दिली का, वचन वाचलं का. ते बघाच, पण त्याच्या खालचं बघा. मला काय वाटलं, आणि ते वाटलं तेव्हा मी देवाकडे सरकले की त्याच्यापासून लांब पळाले?

एक उदाहरण देते. समजा मीटिंगमध्ये सहकाऱ्याचं कौतुक झालं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. वागण्यात चूक शून्य. पण नंतर तासभर तुम्ही विनाकारण फोन चाळत बसलात, घरी आल्यावर मुलावर ओरडलात, रात्री गोड खायची तल्लफ आली. वरवर तीन वेगळ्या गोष्टी, आणि नेहमीच्या प्रार्थनेत तुम्ही फक्त "मुलावर ओरडलो, क्षमा कर" म्हणाल. दिवस मागे बघितला तर दोरा सापडतो, तो टाळ्यांपाशी सुरू झालेला असतो. माझ्याकडे कोणाचं लक्षच नाही, ही ती जागा, आणि देवाला बोलायचं असतं ते याच जागेबद्दल.

चांगल्या क्षणांवरही थांबा बरं का. कुठे हलकं वाटलं, कुठे आपोआप प्रेम आलं, कुठे वेळेचं भान गेलं. देव कुठे काम करतोय याच्या खुणा तिथेही असतात, किंबहुना तिथेच जास्त, आणि आपण फक्त चुका शोधत बसलो तर अर्धा दिवस न बघताच सोडून देतो.

शेवटी एकच क्षण निवडा. एकच. सगळं उरकायचा मोह टाळा, बाकीचं देवाच्या लक्षात आहे.

पायरी चौथी: त्या एका गोष्टीबद्दल 'तू' म्हणून बोला

इथे बहुतेक जण घसरतात, कारण विचार करणं छान जमतं आणि तिथेच थांबतात. एक साधी युक्ती, मनातली वाक्यं तपासा. "मला वाटतं मी असुरक्षित आहे", "देव मला शिकवत असेल" ही वाक्यं स्वतःशी आहेत. ती वळवा: "प्रभू, तुला दिसलं ना मला कसं वाटलं ते?" फक्त 'तो' चा 'तू' करायचा. ऑगस्टीन या जुन्या काळातल्या ख्रिस्ती बिशपने साधारण 397 च्या सुमारास आपल्या आयुष्याची कहाणी लिहायला घेतली ती सगळीच्या सगळी देवाला उद्देशून, सोळाव्या वर्षी चोरलेली पेअरची फळंसुद्धा तो देवालाच सांगतो. आत्मपरीक्षण आणि प्रार्थना एकाच वाक्यात कशी येते त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

बोलताना मला तीन प्रश्न उपयोगी पडतात. काय झालं? त्यात मला काय हवं होतं किंवा कशाची भीती होती? आणि आता प्रभूकडून मला काय हवंय? तिसरा प्रश्न खुद्द येशूचा आहे, मार्क 10 मध्ये आंधळा बार्तीमय त्याच्यापुढे उभा आहे, त्याला काय हवंय ते उघड दिसतंय, तरी येशू विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. एदेन बागेतही तेच, आदाम लपलाय आणि देव विचारतो तू कोठे आहेस. देवाला ठाऊक नव्हतं म्हणून नाही विचारलं. आदामाने स्वतःच्या तोंडाने सांगावं म्हणून.

आता नेहमीची प्रार्थना आणि ही, शेजारी ठेवून बघा. नेहमीची: "प्रभू, मला नम्र कर, सर्वांवर प्रेम करायला शिकव." ही: "प्रभू, त्याला शाबासकी मिळाली तेव्हा मला टोचलं. मी त्याच्याएवढंच काम केलंय. मला लाज वाटतेय हे सांगायला पण मला कोणीतरी 'छान केलंस' म्हणायला हवं होतं. तू बघितलंस का माझं काम?" दुसरी ऐकायला कमी आध्यात्मिक वाटते, मला कबूल आहे. पण हिच्यानंतर शांत बसलात तर काहीतरी ऐकू यायची शक्यता असते, पहिलीनंतर सरळ आमेनच येतं.

देवावरच राग असेल तर? तोही बोला. स्तोत्र 13 च्या पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा आलाय. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. शब्दच सुचत नसतील तर रोम 8:26 आठवा, आत्मा स्वतः शब्दांनी व्यक्त न होणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, तेव्हा नुसतं बसून राहा.

त्या वहीनंतर मी बहिणीबद्दल पहिल्यांदा जे लिहिलं ते असं होतं: "प्रभू, तिचा फोन यावा असं मला वाटतच नाहीये. निदान वाटावं असं तरी वाटू दे." दोन वाक्यं. आधीच्या सहा महिन्यांच्या पानांपेक्षा ती मला जास्त प्रार्थना वाटतात.

पायरी पाचवी: कबुली

पाप दिसलं तर नाव घेऊन कबूल करा. "माझी सर्व पापं क्षमा कर" हे ठोक भावात झालं. "आज मी तिच्याबद्दल जे सांगितलं ते अर्धं खरं होतं, आणि ती लोकांना वाईट वाटावी म्हणून मी तसं सांगितलं" असं म्हटलं की जीभ अडखळते. अडखळू दे. 1 योहान 1:9 मधलं वचन घ्या, तो विश्वासू व न्यायी आहे म्हणून क्षमा करील, आणि मग तो विषय खरंच तिथे सोडा. कॅथलिक असाल तर हीच रोजची तयारी फादरांपुढे पापनिवेदन करायच्या वेळी कामी येते, आठवायला धडपड करावी लागत नाही.

एक ओळखायला शिका. आत्मा पाप दाखवतो आणि सैतान दोष लावतो, दोन्ही आतून बोचतात म्हणून गोंधळ होतो. आत्मा नेमकं बोलतो: हे वाक्य, हा माणूस, अशी दुरुस्ती. दोष लावणारा मोघम बोलतो: तू आहेसच तसली, तुझं काही व्हायचं नाही. येशूचा शिष्य पेत्र याचं बघा. येशूला अटक झाली तेव्हा त्याने शेकोटीजवळ उभं राहून तीनदा येशूला ओळखायचं नाकारलं, आणि योहान 21 मध्ये येशू पुन्हा कोळशाच्या विस्तवाजवळच त्याला तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय. जखमेवर नेमकं बोट ठेवलं, आणि लगेच काम दिलं, माझी मेंढरं चार. येशूला धरून देणाऱ्या यहूदालाही पस्तावा झाला होता, पण तो तो पस्तावा घेऊन येशूकडे गेलाच नाही. परीक्षणानंतर देवाला तोंड दाखवू नये असं वाटायला लागलं तर समजा कुठेतरी आवाज बदललाय.

पायरी सहावी: उद्याची एक गोष्ट

खूप निश्चय नको. उद्याचा दिवस डोळ्यासमोर आणा, कुठे पाय घसरणार ते आपल्याला साधारण माहीत असतं, त्या एका जागेसाठी मदत मागा. "अकराच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी मला आठवण कर" एवढं नेमकं. कधी कधी त्यातून करायचं काम निघतं, माफी मागायची, पैसे परत करायचे. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो की वेदीजवळ अर्पण ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, त्यामुळे ते टाळून जास्त वेळ प्रार्थना करत बसण्यात अर्थ नाही.

मग 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हणून संपवा.

आठवड्यातून एकदा

रविवारी अर्धा तास काढून वही चाळा. रोजचं परीक्षण झाड दाखवतं, आठवड्याचं जंगल. तोच माणूस, तीच वेळ, तीच भीती पुन्हा पुन्हा दिसते. मला तीन महिन्यांनी कळलं की माझी चिडचिड जवळजवळ नेहमी अशा दिवशी असते ज्या दिवशी मला कोणाला 'नाही' म्हणायचं होतं आणि मी 'हो' म्हणाले. इतकी वर्षं मी संयमासाठी प्रार्थना करत होते आणि मागायला हवं होतं धैर्य! चुकीच्या रोगावर औषध चालू होतं.

एखादी ठराविक सवय मोडायची असेल तर इग्नेशियसची अगदी हिशोबी युक्ती आहे. प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखायच्या, एक दुपारपर्यंतची, एक रात्रीपर्यंतची, आणि ती चूक जितक्या वेळा झाली तितके ठिपके द्यायचे. दुपारची रात्रीशी, आजची कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून बघायचा. थोडे दिवस, एकाच सवयीसाठी हे छान चालतं. कायमचं करू नका, ठिपक्यांचाच नाद लागतो.

अडतं कुठे

काहीच आठवत नाही, दिवस नुसता गेला असं वाटतं. चालेल, 'आज मी माझ्याच दिवसात नव्हतो' हीसुद्धा सांगायची गोष्ट आहे. चार दिवस चुकले तर मागची बाकी भरत बसू नका, आजपासून करा. पंधरा मिनिटं खरंच नसतील तर तीन मिनिटांत: एक आभार, एक क्षण, एक विनंती.

याच्या उलटं टोक जास्त धोक्याचं आहे. काही जणांचं मन आधीच स्वतःला कुरतडणारं असतं, कबूल केलेलं पाप पुन्हा कबूल, ते नीट कबूल झालं का याची पुन्हा शंका. खुद्द इग्नेशियस स्पेनमधल्या मानरेसा गावी असताना या शंकांनी इतके छळले गेले की जीव द्यायचे विचार त्यांच्या मनात आले होते. तुमचं असं होत असेल तर पाचवी पायरी काही काळ पूर्ण बंद ठेवा, फक्त आभार आणि चांगले क्षण बघा, आणि पाळकांशी किंवा फादरांशी बोला. झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर आजच डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जा, वाट बघू नका. 1 राजे 19 मध्ये एलीया संदेष्टा मरण मागतो तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दोनदा खायला घातलं, 'तू येथे काय करतोस' हा प्रश्न त्यानंतर कितीतरी दिवसांनी विचारला.

आणि एखादा माणूस शोधा, ज्याला महिन्यातून एकदा हे वहीतलं सांगता येईल. याकोब 5:16 एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हणतो पण त्याचा अर्थ प्रार्थनेच्या ग्रुपवर टाका असा नाही. पोटात ठेवणारा माणूस हवा, सल्ले कमी देणारा असला तर उत्तमच.

बहिणीचं काय झालं असं कोणीतरी विचारेलच. त्या दोन वाक्यांनंतर चार महिने लागले. फोन मीच केला. पहिली पाच मिनिटं आम्ही नुसत्या हवापाण्यावर बोललो, आणि मग ती म्हणाली, "बरं, आता बोल."